चक्कीवरच्या मैफिली

जबलपुरातल्या गोरखपूर भागाच्या बाजारात साहूजींची आटाचक्की होती आणि तिच्या डोक्यावर आमचं गाणं होतं. मंडळाची माणसं त्या जागेला हॉल म्हणायची, पण ती मुळात गव्हाची पोती ठेवायची माडी. गुडघ्याला गुडघा लावून बसलं तर चाळीस माणसं मावत, आणि एक्केचाळीसावा आला तर तो जिन्यात बसे. सतरंज्या कितीही झटका, आटा जायचाच नाही. मैफील संपून उठलं की सगळ्यांच्या पाठी पांढऱ्या, म्हणून बायका मुद्दाम फिकट रंगाची लुगडी नेसून येत. 'संगीत मंडळ' असं कुणी म्हणत नसे. 'रविवारी चक्कीवर येऊन राहिले ना?' एवढंच विचारत, आणि ज्याला कळायचं त्याला कळे. गाणं सुरू होण्याआधी साहूजी चक्की बंद करत. तो पट्टा फटफट करत थांबला की एकदम अशी शांतता पसरायची की आपण मघापासून ओरडून बोलत होतो हे सगळ्यांच्या लक्षात येई आणि माणसं ओशाळून हसत. साहूजी स्वतः जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसायचे. त्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सगळ्यांनी 'वा' म्हटल्यावर जरा थांबून ते 'बहुत अच्छे' म्हणत, आणि त्यांचं ते उशिरा आलेलं 'बहुत अच्छे' ऐकल्याशिवाय गाणाऱ्यालाही चैन पडत नसे.

या मैफिली आधी संध्याकाळी व्हायच्या. मग लढाई सुरू झाली, ब्लॅकआउट आला, माडीच्या दोन्ही खिडक्यांना खळ लावून काळे कागद चिकटवले, आणि बैठक रविवारी सकाळी आठला गेली. लढाई जितके दिवस चालली त्याच्या कितीतरी जास्त दिवस ते कागद खिडक्यांवर राहिले, कारण काढायचे कुणी हेच ठरेना. शिवाय तोफगाड्यांच्या सरकारी फॅक्टरीत ओव्हरटाइम असा काही चढला होता की संध्याकाळी पुरुष माणूस घरात दिसायचाच नाही. त्यामुळे त्या सबंध हिवाळ्यात आम्ही संध्याकाळचा यमन ऐकला नाही. तोडी, जौनपुरी, अहिरभैरव, पुन्हा तोडी. माझ्या वयाच्या बायकांना त्या काळाबद्दल विचारलं तर त्या भोंगा सांगतात, रेशनची रांग सांगतात. मला विचाराल तर लढाई म्हणजे यमन बंद. आता हे ऐकून कुणाला चीड येत असेल तर येऊ दे, मला जे आठवतं ते मी लिहिते आहे.

माझे बाबा फॅक्टरीत फोर्ज शॉपला होते, म्हणजे लाल केलेल्या लोखंडावर जिथे दिवसभर हॅमर पडतो तिथे. तिथला आवाज मी एकदाच, फाटकाबाहेरून ऐकला आणि दोन्ही हात कानांवर ठेवले. त्या आवाजात बोलायची सोयच नाही, म्हणून फोर्जची माणसं एकमेकांचे ओठ वाचत. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरलेली की चक्कीवर ऐन आलापात तंबोऱ्यांपाशी बसलेले बाबा आणि पहिल्या रांगेतले, फोर्जचेच मिश्राजी एकमेकांशी ओठांनी गप्पा मारत, आवाज अजिबात नाही, आणि आम्हा बायकांना वाटे की दोघंही तल्लीन झाले आहेत. आई म्हणायची, "तल्लीन कसले, दुपारच्या जेवणाचं ठरवून राहिले."

मंडळात बाबांचं एकच काम होतं, पण ते त्यांचंच होतं. तंबोरे लावायचे. गाणारा कुठलाही असो, तो माडी चढून वर येण्याआधी दोन्ही तंबोरे लागलेले असले पाहिजेत, हा आमच्याकडचा शिरस्ता. ढोबळेकाका पेटीवर सा धरत. हे फॅक्टरीच्याच स्टोअरमध्ये होते, घोगऱ्या आवाजाचे, भिवया अशा की पावसात छत्री लागू नये. बाबा खुंटी पिळत, मणी सरकवत, जवारीखालचा दोरा नखाने इकडेतिकडे करत, आणि मग 'लागला' म्हणून तंबोऱ्याला नमस्कार करून तो आडवा ठेवत. त्यानंतर गाणाऱ्याखेरीज कुणी खुंटीला हात लावायचा नाही. नागपूरच्या, इंदूरच्या गवयांनी सांगितलेलं की जबलपूरला तंबोरे पुन्हा बघावे लागत नाहीत. हे वाक्य बाबा घरी महिन्यातून एकदा तरी ऐकवत. फोर्जमध्ये ते शेकड्यातले एक होते. चक्कीवर ते एकटेच होते.

रविवारी सकाळी आमच्या घरी जो गोंधळ चाले तो असा. आई पहाटे उठून पोहे भिजवायची, दोन पातेली, कारण मंडळाचे पोहे आमच्याकडून जात. जिलबी बाजारातून, खोव्याची, काळपट, जड. बाबा बंब पेटवता पेटवता ओरडून विचारत, "शकू, पेटीचं कापड घेतलं का?" मी म्हणे, "घेतलं." ते पुन्हा विचारत. मी पुन्हा म्हणे. तिसऱ्यांदा मी चिडून स्वयंपाकघराच्या दारात येऊन सांगितलं की मगच ते 'अच्छा' म्हणत. रेडिओ इतका मोठा लागलेला असायचा की शेजारच्या तिवारीकाकू आपला रेडिओ लावतच नसत, आमच्यावरच बातम्या ऐकत. हे सगळं आमच्या डोळ्यांसमोर होतं आणि आम्हाला दिसत नव्हतं. ओव्हरटाइमने माणूस थकतो, थकला की लक्ष नसतं, असं आई म्हणायची. मीही तेच म्हणत होते.

मला कळलं ते आट्यामुळे. त्या दिवशी बाबा तंबोरा लावत होते, मी मागे सतरंजी घालत होते. खुंटी फिरत होती, सूर चढत होता, आणि मध्येच ढोबळेकाका धोतरावरचा आटा झटकायला खाली वाकले. बाबांचा हात खुंटीवर थांबला. पेटीचा सा चालूच होता, तार चालूच होती, पण हात थांबला. काका वर झाले, त्यांच्या भिवया जवळ आल्या, हात पुन्हा फिरायला लागला. भिवया सैल झाल्या, बाबा म्हणाले, "लागला." मी हातातली सतरंजी तशीच धरून उभी राहिले. बाबा कानांनी तंबोरा लावत नव्हते. काकांच्या भिवयांवर लावत होते. किती महिने हे चाललं होतं देव जाणे. मी घरी येऊन आईला काही बोलले नाही. बोलले असते तर ते खरं झालं असतं, असं काहीतरी त्या वयाचं खूळ डोक्यात होतं. भीती मात्र वाटली. आपल्या बापाचं उद्या कसं होणार ही भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

आता माझ्या तोंडाबद्दल सांगायला हवं. आई म्हणायची, "या पोरीच्या पोटात काही राहत नाही, सगळं तोंडावर येते." भाजी आवडली नाही, पाहुणा आवडला नाही, सूर लागला नाही, की माझा चेहरा लगेच वाकडा. यापायी मी मारही खाल्ला आहे. पण गाण्यात हा दुर्गुण चालून गेला. नागपूरच्या गोदूताई म्हणून एक गाणाऱ्या बाई आमच्याकडे वर्षातून दोनदा येत, सत्तरीच्या, नऊवारी, तोंडात कायम लवंग. मी त्यांच्यामागे तंबोऱ्याला बसले होते. गाणं झाल्यावर त्या मागे वळून म्हणाल्या, "माझा गंधार एकदा उतरला तेव्हा तू नाक मुरडलंस ना गं?" मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. तर त्या हसायला लागल्या. मग मला गायला लावलं, दोन वेळा ऐकलं, आणि बाबांना म्हणाल्या, "हिला माझ्याकडे पाठवा. घरात ठेवून घेते, शिकवते. पुढच्या खेपेला येईन तेव्हा सांगा."

ती पुढची खेप यायला चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांत मी मनाने नागपूरला राहायला गेले होते. कुठली पेटी नेणार, कुठली दोन पातळं नेणार, सगळं ठरलं होतं. गोदूताई येणार त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, बाबा जेवत होते. मी पानासमोर बसून ओठ नीट हलवत विचारलं, "बाबा, उद्या ताईंना काय सांगायचं?"

"नाही सांगायचं."

"काहून?"

"गाणं ऐकता येते ना तुला? पुरे तेवढं. घरी राहा." आणि वरणाची वाटी पुढे केली.

मी उठून मागच्या अंगणात गेले आणि तुळशीपाशी बसून रडले. खूप राग आला. साधासुधा नाही, माणसाचं वाईट व्हावं असा राग. हे लिहिताना आजही हात जरा थांबतो, पण होता तो होता.

रविवारी आम्ही चक्कीवर पोचलो तर ढोबळेकाका नाहीत. त्यांचा पोरगा निरोप घेऊन आला की स्टोअरला माल उतरला, सकाळीच गाडी पाठवून नेलं. बाबा तंबोऱ्याच्या गवसणीची गाठ सोडत होते. निरोप मी त्यांना समोर जाऊन सांगितला. त्यांची बोटं गाठीवर तशीच राहिली. मग म्हणाले, "तू धर सा. ताईंची पट्टी, काळी चार."

मी पेटीपुढे बसले. पहिल्या रांगेत फोर्जची माणसं येऊन बसली होती, मिश्राजी पोह्यांची बशी घेऊन. खाली चक्की थांबली. मी सा धरला. बाबांनी तार छेडली आणि माझ्याकडे बघितलं.

आता लक्षात घ्या, मी फक्त जशी आहे तशी बसायला हवं होतं. जे तोंड मी आयुष्यभर आवरू शकले नव्हते ते आवरायचं नाही, एवढंच. मी ते आवरलं. समोरच्या काळ्या कागदावर नजर लावली आणि तोंडावरची रेष हलू दिली नाही. जोडीची तार खाली होती, चांगली बोटभर खाली, कुणालाही कळावी इतकी. बाबांनी खुंटी पिळली, तार वर गेली, सा ओलांडून पुढे गेली. माझं तोंड कोरं. त्यांनी परत उतरवली. कोरं. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर त्यांनी गाल टेकवला, डोळे मिटले, तळहात लाकडावर पसरून ठेवला. तो आवाज असा झाला होता की मला दातांत कळ येत होती. मी सा धरून बसले होते.

ते डोळे उघडून पुन्हा माझ्याकडे बघायला लागले. बराच वेळ. रागाने नाही. एखादा माणूस ओळखीच्या दारावर थाप मारून वाट बघतो तसे. मग त्यांनी तंबोरा हळूच आडवा ठेवला, नमस्कार केला, आणि सगळ्या माडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आज मला लागत नाही. मला ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले."

पेटीचा भाता माझ्या हातात संपला आणि सा बंद पडला. मग मिश्राजी पोह्यांची बशी खाली ठेवत म्हणाले, "अरे भैया, हमको कौन सा आ रहा है? बाएँ कान से तो दो साल से छुट्टी है. हम तो बैठे रहते हैं." त्यांच्या शेजारचा म्हणाला, "मेरा दाहिना." आणि सगळी पहिली रांग हसायला लागली, हसता हसता एकमेकांच्या पाठीवर थापा, आटा उडतो आहे, जिन्यातून साहूजी विचारताहेत, "क्या हुआ, क्या हुआ?" बाबांना ते हसणं ऐकू आलं नसणार, पण दिसलं, आणि तेही हसले. मला मात्र हसू येईना. मी दाराकडे बघितलं तर तिथे गोदूताई उभ्या होत्या. लवंग चघळत. केव्हापासून उभ्या होत्या ते मला माहीत नव्हतं.

त्या आत आल्या, बसल्या आणि मला म्हणाल्या, "लाव." मी दोन्ही तंबोरे लावले. लागले. ताईंनी तोडी गायली आणि तंबोरे पुन्हा बघितले नाहीत. बाबा पहिल्या रांगेत मिश्राजींच्या शेजारी बसले होते, प्रथमच श्रोत्यांत.

गाणं संपल्यावर चहा आला. बाबा कपबशी घेऊन ताईंसमोर गेले आणि म्हणाले, "पोरीला घेऊन जा. मी काल नाही म्हटलं होतं, पण ते माझ्या कानापायी म्हटलं. ती गेली तर ढोबळ्यानंतर मला कोण, असं वाटलं. आता ते झाकायचं राहिलं नाही. चलो, घेऊन जा." एवढं बोलून ते पेटीला कापड घालायला माडीच्या पार दुसऱ्या टोकाला गेले. मला वाटलं, आत्ता जिना उतरून गाडीत बसावं.

ताईंनी मला खिडकीपाशी नेलं. हळू बोलल्या, जेमतेम मला ऐकू येईल इतकं. "मी दारातून सगळं ऐकलं नि बघितलं, बाळ. कान तुझा चांगला आहे. पण तार इतकी बेसूर वाजत होती आणि तुझं तोंड हललं नाही. बापावरचा राग तू सुरावर काढलास. हे ज्याला जमतं त्याला मी नाही शिकवत." मी म्हटलं, "ताई, चुकले." त्या म्हणाल्या, "चुकलीस खरी. वाईट नाहीस. पण मी नेणार नाही." आणि माझ्या पदरावरचा आटा झटकून त्या जिना उतरल्या.

घरी जाताना बाबांनी विचारलं, "काय ठरलं?" मी त्यांच्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवून सांगितलं, "मीच नाही म्हटलं. मी जात नाही." ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अच्छा."

पुढे मी बी. एस्सी. केलं, शाळेत गणित शिकवलं, लग्नही शहरातच झालं. नागपूरला गेले असते तर गाणारी झाले असते का, हे मला माहीत नाही, आणि या वयात त्याचा हिशेबही करवत नाही. तंबोरे मात्र त्या दिवसापासून माझ्याकडे आले. बाबा एकही मैफील चुकवत नसत. ते गाणाऱ्याकडे बघायचे नाहीत. मी तंबोऱ्याला मागे बसायची, आणि ते पहिल्या रांगेत अशी जागा धरत की माझं तोंड समोर येईल. माझ्याकडे बघून ते मान डोलवत, माझ्याकडे बघून 'वा' म्हणत. नवखे गवई बिचारे त्या दादेवर खूश होत. एक खेप सोडली तर मी नऊ वर्षं माझं तोंड आवरलं नाही. त्या खेपेला एक गवई फारच भिकार गायला. मंडळाचा पाहुणा, म्हणून मी उगाच प्रसन्न चेहरा करून बसले, तर बाहेर पडल्या पडल्या बाबा म्हणाले, "काहून खोटं तोंड करून राहिली होतीस? बेसूर होता ना?"

लोकांना ते सांगत, "शकूनं माझ्यापायी नागपूर सोडलं." लग्नात माझ्या सासऱ्यांना सांगितलं, मिश्राजींना दर दिवाळीला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं. प्रत्येक वेळी बायका माझ्याकडे कौतुकाने बघत, आणि मी खाली मान घालून उभी राहत असे. लोक त्याला विनय म्हणत. मला लाज वाटायची, इतकी की कधी कधी वाटे भर मंडळात उठून सगळं सांगून टाकावं. सांगितलं नाही.

ते अंथरुणाला खिळले त्या हिवाळ्यात मी रोज शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे जाई. एका दुपारी मी पायाशी बसून संत्रं सोलत होते. तोवर त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी आपणहून विषय काढला. म्हणाले, "गोदूताई वारल्या म्हणे." मी मान हलवली. मग म्हणाले, "त्या दिवशी खिडकीशी तुझी पाठ होती माझ्याकडे. ताईंचं तोंड माझ्याकडे होतं."

मला आधी कळलंच नाही. संत्र्याची फोड हातात तशीच राहिली.

"अगं, फोर्जचा माणूस मी," बाबा म्हणाले. "माडीच्या त्या टोकावरून वाचलं सगळं."

मी ओठ हलवून विचारलं, "मग लोकांना सगळीकडे तसं काहून सांगत राहिले?"

"तुला खाली बघावं लागू नये म्हणून," ते म्हणाले, आणि संत्र्यासाठी हात पुढे केला.